गाठीचं शेपूट

रूम दाखवायच्या आधी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "पोहता येते का?"

मी सानगडीचा माणूस. आमच्या भागात जिकडे पाहाल तिकडे तलाव. शाळेत जायच्या आधी पोरं म्हशीचं शेपूट धरून पाण्यात पडतात. मला मात्र पोहणं कधी आलं नाही आणि ते सांगायची लाज वाटायची. पण त्या दिवशी दुपारभर पवनीच्या गल्ल्यांतून रूम शोधत हिंडलो होतो, आणि खोटं बोलायचंही जिवावर आलं होतं. म्हटलं, "नाही येत काकाजी."

"मंग आणा सामान," ते म्हणाले.

कारण महिनाभरानं कळलं. त्यांच्याजवळ नदीत वल्हवायचा एक डोंगा होता आणि त्यात बसायला त्यांना सोबत लागायची. "पोहणारा माणूस डोंग्यात घेऊ नये," ते सांगायचे. "जरासं हाललं का तो उडी मारते, अन् त्याच्या उडीनंच डोंगा पलटते. ज्याले पोहता येत नाई तो गुपचाप बसते." माझ्या आधी तीन जणांना त्यांनी रूम नाकारली होती, कारण तिघंही पट्टीचे पोहणारे. मी मीटर वाचायची नोकरी करणारा, अंगानं बरा जाडजूड. म्हणजे मला रूम मिळाली ती डोंग्यात ठेवायचं वजन म्हणून.

त्यांचं नाव सांगत नाही. पवनीत अजून त्यांना ओळखणारे आहेत, आणि पुढं जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू जाते. तिची आता मला फारशी पर्वा उरलेली नाही, पण त्यांचं नाव माझ्या गोष्टीत ओढायचा मला हक्क नाही. मी त्यांना काकाजी म्हणायचो. ते आधी मला सानगडीवाले म्हणायचे, मग नुसतं सानगडी.

काकाजी विणकर. घराच्या मधल्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, समोर माग. खड्ड्यातल्या पावड्या पायानं दाबायच्या, हातानं धोटा इकडून तिकडे फेकायचा. चाळीस वर्षं हेच. करवतकाठी लुगडं विणावं तर त्यांनीच, असं आजूबाजूच्या पेठेत बोललं जायचं. काठावरचे ते करवतीचे दाते त्यांच्या हातून एकसारखे यायचे, एकही बुटका नाही, एकही लंगडा नाही. आणि या माणसानं साठी उलटल्यावर एका म्हाताऱ्या मासेमाराकडून जुना लाकडी डोंगा घेतला.

"चाळीस वर्स बसून राहिलो," ते म्हणायचे. "कापड पुढं सरकते. मी तिथंच. बसल्या बसल्या माणसालेही पुढं जाता येते, हे मले लय उशिरा समजलं."

काकीजींचं म्हणणं वेगळं होतं. त्या माझ्यासमोरच बोलायच्या. "खड्ड्यात पाय होते तं मले ठाऊक राहे, माणूस कुठं आहे. आता पाण्यावर गेला का कुठं पाहू?" काकाजी ऐकून घ्यायचे आणि छत्री उचलायचे. छत्री उन्हासाठी नव्हती. वारा मागून असला की ते डोंग्यात छत्री उघडून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, धर. मी मोठा, काळी छत्री छातीशी धरून बसलेला, आणि वाऱ्यानं डोंगा पुढं चाललेला. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काकाजींना त्याचं काहीच नसे.

डोंग्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी लाल रंगानं करवतकाठ काढला होता. दाते पुन्हा एकसारखे. अंतर ते लुगड्यांत मोजायचे. "ते बेट इथून तीनशे लुगडी." नऊवारी लुगडं नदीवर अंथरत गेलं तर किती लागतील, हा त्यांचा हिशेब. मी एकदा मीटरमध्ये सांगा म्हणालो, तर म्हणाले, "मीटर तुह्या नोकरीत. पाण्यावर नाई चालत." प्रवाहांनाही त्यांची सुताची नावं होती. सरळ, गुळगुळीत वाहणारी ती रेशमी धार. खालून खडक असल्यानं वर खरखर दिसणारी ती सुती. भोवऱ्याला ते गुंता म्हणायचे. "इथं गुंता आहे, हात आत घे," एवढं म्हणाले की मी हातच काय, श्वासही आत घ्यायचो.

खाली धरण झालं तेव्हापासून वैनगंगेचं पाणी फुगून थांबलं आहे. पूर्वी ज्या टेकड्यांवर गुरं चरायची त्यांची बेटं झाली. मोहाची, पळसाची वाळलेली झाडं पाण्यात उभी असतात आणि प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसलेला. हिवाळ्याच्या तोंडाला सकाळी धुकं उठतं, मग बेटं हळूहळू वर येतात. रविवारी आम्ही त्या बेटांमधून हिंडायचो. आठवडाभर लोकांच्या शिव्या खाऊन माझं डोकं उठलेलं असायचं. बिल जास्त आलं की माणसं मीटरला बोलत नाहीत, वाचणाऱ्याला बोलतात. डोंग्यात बसलं की कोणी काही बोलत नसे. काकाजीही बोलायचे ते पाण्याबद्दल. मी आयुष्यात सगळ्यांत चांगला कुठं बसलो असेन तर त्या डोंग्यात, हे मी आज सांगतो; तेव्हा मात्र कुरकुर करायचो.

या सगळ्या बेटांमध्ये एक जागा होती, तिला नरडं म्हणत. एक टेकडी बेट झालेली, तिच्या समोर पलीकडचा उंच काठ, आणि मधून सगळी नदी जायची. एरवी तिथं नुसती ओढ जाणवायची. पण पाऊस झाला आणि धरणाची दारं उघडली की नरड्यातलं पाणी पळायला लागायचं. मासेमारही मग तिकडं जात नसत. पवनीहून नरड्याकडं यायचं तर बेटाच्या अलीकडच्या अंगानं. तिथं पाणी शांत. तिथं थांबायचं, डोंगा झाडाला बांधायचा, नरड्याच्या पाण्यात हात बुडवून पाहायचा, आणि हातानं हो म्हटलं तरच आत शिरायचं.

आत शिरल्यावर काकाजी अजिबात बोलायचे नाहीत. डोंग्याचं तोंड धारेच्या वरच्या बाजूला जरासं वळवून ठेवायचे आणि वल्हं नुसतं टेकवल्यासारखं धरायचे. धार डोंग्याला ढकलायची, आणि डोंगा खाली वाहून जायच्या ऐवजी आडवा सरकत पलीकडे लागायचा. मला पहिल्यांदा वाटलं, आता संपलं. पलीकडे उतरल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "नदी म्हणजे ताणा, उभं सूत. आपण बाणा, आडवं सूत. ताण्याशी भांडते का धोटा? मधातून निघून जाते." मी तेव्हा त्यांचं काही ऐकलं नाही. मी गवतावर उताणा पडलो होतो.

पलीकडे जायचं कारण त्यांची बहीण. मोठ्या बहिणीला ते बाई म्हणायचे. नरड्याच्या पलीकडच्या काठावर आठ-दहा घरांचा टोला, तिथं बाईचं घर. धरणाच्या आधी काकाजी नदी पायी ओलांडून जायचे. पाणी फुगल्यावर सडकेनं जायचं म्हणजे दोन बसा बदलायच्या आणि वर पायपीट. त्यात काकाजींना बस चालत नसे. गाडीत बसले की पोटातलं सगळं बाहेर. मोटरसायकलवरही. आसगावला एकदा मी त्यांना मागं बसवून नेलं, तर येताना ते पायी आले. मला खरं वाटतं, डोंगा त्यांनी बाईसाठीच घेतला होता. खड्ड्यात बसायचं आणि पुढं जायचं वगैरे नंतर जोडलेलं असावं. पण हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

दर भाऊबीजेला ते स्वतःच्या हातानं विणलेलं लुगडं घेऊन डोंग्यानं बाईकडं जायचे. बाई सकाळपासून काठावर खुर्ची टाकून बसायची.

आता गाठीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, नाहीतर मी टाळलं असतं.

संध्याकाळी मला काम नसे. मागाजवळ जाऊन बसायचो. सूत तुटलं की ते थांबायचे आणि दोन टोकं जोडायचे. विणकराची ती गाठ एवढीशी असते, दोन बोटांत मारतात, आणि मारल्यावर तिची दोन्ही शेपटं पात्यानं अगदी गाठीशी कापतात. शेपूट राहिलं तर मागाच्या फणीत अडकतं, कापडाला फुगार येतो. मला ती गाठ शिकायची हौस आली. दोन महिने मी सुतळीवर मारत होतो. ते पाहायचे आणि म्हणायचे, "शेपूट दिसून राहिलं." मी आणखी जवळ कापायचो. "अजून दिसते." शेवटी एकदा त्यांनी गाठ डोळ्याशी नेली, नखानं चाचपली आणि म्हणाले, "जमली." तीन वर्षांत त्यांनी माझी केलेली ती एकच तारीफ. मी काकीजींनाही जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक कमी होता, आता दोन झाले."

पण डोंग्यावर मात्र काकाजी तीच गाठ मारायचे आणि शेपटं वीतभर सोडून द्यायचे. दोर लोंबत राहायचे. मला ते बघवत नसे. मागावर इतका करडा माणूस आणि इथं असा गबाळेपणा. मला वाटायचं, वय झालं, हात आळसावला. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत पाऊस गेलाच नाही. वर मध्य प्रदेशाकडे धो धो पडत होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गाडी फिरवून काठच्या गावांना सांगितलं, धरणाची दारं उघडली आहेत, नदीत जाऊ नका. सकाळी काकाजी करवतकाठी लुगडं पिशवीत घालत होते. हिरवं, लाल काठाचं. बाईचे पाय त्या वर्षी फार सुजले होते. तिच्या सुनेनं फोनवर काकीजींना सांगितलं होतं, हे साल काढतील का माहीत नाही.

"आज राहू द्या," काकीजी म्हणाल्या. "चार दिवसानं जाजा. बीज काय पळून चालली?"

"बाई बसली राहीन," काकाजी म्हणाले. "बेटापर्यंत जातो. हात लावून पाहीन. नाई म्हटलं पाण्यानं तं वापस येईन."

मला सुट्टी होती. मी छत्री उचलली.

बेटाच्या अलीकडे आम्ही पोचलो तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर आलं होतं. नेहमीचं झाड बुडालं होतं. वरच्या मोहापर्यंत दोर पुरेना. डोंग्यात दोराचा दुसरा तुकडा होता. काकाजी उतरून तडक नरड्याच्या बाजूला गेले, पाणी पाहायला. जाता जाता म्हणाले, "जोड दोर आणि बांध."

मी दोन दोर जोडले. त्यांचीच गाठ मारली, चांगली आवळली. दोन शेपटं लोंबत होती. माझ्या खिशात वायर सोलायचा चाकू असायचा, कामाचा. मी तो काढला आणि दोन्ही शेपटं गाठीशी कापली. का कापली? कारण मला पुन्हा एकदा जमली ऐकायचं होतं. पस्तिशीचा बाप्या मी, आणि एवढ्यासाठी कापली.

मग मीही वर जाऊन बसलो. काकाजी दर पाव तासानं खाली उतरून पाण्यात हात घालायचे आणि परत यायचे. "अजून नाई." समोर नरडं भरून चाललं होतं, आणि पलीकडे बाई खुर्चीत बसलेली दिसत होती. निळी प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर ताट. सून मागं उभी. आमच्यात फक्त धार. काकाजींनी डोळे बारीक करून पाहिलं. "पंचवीस लुगडी," ते म्हणाले. "फार तं तीस."

आम्ही चिवडा खाल्ला. दोन तास गेले असतील. मी सहज मान वळवली तर डोंगा बेटाच्या टोकाला पोचला होता. काही आवाज नाही, काही झटका नाही. रिकामा डोंगा टोकावरून वळला, नरड्यात शिरला, आणि त्याचा लाल काठ ऊन लागून चमकला. मी उठलो, धावलो, गुडघाभर पाण्यात जाऊन थांबलो. पुढं काय करणार? मला पोहता येत नव्हतं, आणि काकाजींचं वय पोहायचं नव्हतं.

ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. डोंगा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, "तिरपा गेला पाह्य. शिकला होता."

मी मोबाईलवरून त्या म्हाताऱ्या मासेमाराला फोन लावला. तो म्हणाला, बसून राहा, दुपार कलल्यावर अलीकडच्या अंगानं घ्यायला येतो, नरड्यात मात्र आज कोणाचा बापही येणार नाही. मी काकाजींना विचारलं, "बाईच्या सुनेला फोन लावू का?"

"कायले? दिसून राहिली ना बाई."

पलीकडे बाईनंही सगळं पाहिलं होतं. ती खुर्चीतून उठली. सुनेनं एका हातानं धरलं. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण ताट हलताना दिसलं. पितळेचं असावं, उन्हात एकदा चमकलं, मग पुन्हा. ती आम्हाला बोलावते आहे असं मला वाटलं. काकाजींना बरोबर कळलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, छत्री मिटून बाजूला ठेवली आणि पाण्याकडं तोंड करून ओल्या मातीत मांडी घालून बसले.

"टिळा लाव," ते मला म्हणाले.

कुंकू कुठून आणू? खाली लाल मुरूम होता. मी अंगठा ओला केला, मुरमात दाबला आणि त्यांच्या कपाळावर ओढला. ज्या हातानं शेपटं कापली त्याच हातानं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पलीकडे ताट गोल फिरत होतं, एकदा, दोनदा, पुष्कळ वेळा. बाई थकली असेल, पण थांबेना. काकाजी हात जोडून बसले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

मग त्यांनी लुगडं काढलं. एक टोक मला दिलं, दुसरं स्वतः धरलं. आम्ही दोघं दोन टोकांना जाऊन ते पूर्ण ताणून उभे राहिलो, काठ पाण्याच्या बाजूला. वारा होता, हात भरून आले, तरी ते सोड म्हणेनात. बाईनं ताट सुनेच्या हातात दिलं आणि दोन्ही हात वर केले. कानावर बोटं मोडली असावीत. एवढ्या लांबून नक्की दिसलं नाही.

निघताना काकाजींनी मोहाला राहिलेला दोराचा तुकडा सोडला, गुंडाळून पिशवीत टाकला. सुताचा तुकडाही ते कधी फेकायचे नाहीत, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. कोष्ट्याची गाठ सुटली. याहून मोठी गंमत पेठेला वर्षात मिळाली नव्हती. पानठेल्यावर लोक विचारायचे, "काय काकाजी, गाठ पक्की आहे ना?" मागावर कोणी लुगडं पाहायला आलं तर काठ ओढून पाहायचं आणि हसायचं. त्यांच्या हाताला चाळीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नव्हतं. मासेमारानं माझ्यासमोर विचारलं, "बांधला कोणं होता?" मी जमिनीकडं पाहिलं. काकाजी म्हणाले, "माह्या हातची गाठ होती. म्हातारा झालो आता." विषय संपला. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, एवढीच शिक्षा मी स्वतःला दिली.

पाणी उतरल्यावर त्यांनी दुसरा डोंगा पाहायला सुरुवात केली. बाईनं निरोप धाडला होता, घाई नको, ताट मी उचललेलं नाही, ये तेव्हा ओवाळीन. पण डोंगा काही मिळेना. मी म्हटलं, बसनं जाऊ, मी येतो सोबत. ते आज-उद्या करत राहिले. पौषात बाई गेली.

तेव्हा मात्र ते बसमध्ये बसले. मी शेजारी. दोनदा ओकले, आणि दोन्ही वेळा लुगड्याची पिशवी माझ्या हातात देऊन खिडकीबाहेर तोंड काढलं, की तिला शिंतोडा लागू नये. बाईला अंगणात ठेवलं होतं. आपल्याकडे बाईमाणूस गेलं की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. म्हाताऱ्या बाया वाटच पाहत होत्या. काकाजींनी पिशवीतून ते हिरवं करवतकाठी लुगडं काढून दिलं. भाऊबीजेचं. एक म्हातारी घडी उलगडत म्हणाली, "हे तं तिनं पाहिलं होतं ना? मले सांगत होती, नदीपल्याड धरून दाखवलं म्हणून. काठ लय साजरा आहे म्हणे." काकाजी भिंतीला टेकून खाली बसले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी डोंगा घेतला नाही. जुना डोंगा खूप खाली सापडला म्हणून निरोप आला, तर म्हणाले, राहू द्या तिकडंच. रविवारी आम्ही दोघं ओट्यावर बसायचो आणि काही सुचायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं कंत्राट संपलं आणि मी वरठीला लागलो, कारखान्याच्या गेटवर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायच्या, फाटक उघडायचं, फाटक लावायचं. दिवसभर बसून असतो. कापडही पुढं सरकत नाही.

गेली आठ-नऊ वर्षं मी पवनीला जायचं टाळलं. काकीजी गेल्याचं कळलं तेव्हाही गेलो नाही. सुट्टी नव्हती असं घरी सांगितलं. सुट्टी होती. यंदा भाऊबीजेच्या आसपास मात्र कंटाळा आला, स्वतःचाच. मोटरसायकल काढली आणि गेलो.

काकाजी मागाजवळ होते, पण मागावर ताणा नव्हता. डोळे गेले आहेत, उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी पाय खड्ड्यातच सोडून बसलेले. शेजारची सून जेवण आणून देते, कपडेही धुऊन टाकते. माझा आवाज ऐकून म्हणाले, "सानगडी का? बस. जाड झाला असशीन अजून."

मी बसलो. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, "काकाजी, ती गाठ माझी होती. डोंग्याची. शेपटं मी कापली होती."

खड्ड्यात त्यांचा पाय हलला, रिकामी पावडी दाबल्यासारखा. "ठाऊक आहे मले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तवापासूनच. झाडाले राहिलेला दोर सोडला ना मीनं. टोक पाहिलं. इतक्या सफाईनं कापलेलं. माह्याजवळ त्या दिवशी पातं होतं का?"

"मग लोकांना तुमचं नाव का सांगितलं?"

"मंग कोणाचं सांगू? तुले कापाले शिकवलं कोणं? मीनंच. कवा कापाचं नाई, ते शिकवाचं राहून गेलं. सुतावर ताण एकसारखा राहते. पाण्यावरचा दोर ढिला होते, ताणते, ढिला होते, ताणते. शेपूट पाहिजे त्याले, सरकाले जागा पाहिजे. हे सांगितलं नाई मीनं. तं गाठ माहीच झाली ना."

माझ्या मनात खरा प्रश्न वेगळा होता. तो विचारायला मला बराच वेळ लागला. "आणि बाईचं?"

त्यांनी मागाच्या लाकडावरून हात फिरवला. बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं.

"बाईचं वाईट वाटते," ते म्हणाले. "रोज वाटते. राग होता मले तुह्यावर. नव्हता असं नाई म्हणत. दोन वर्स होता. तू येशीन, सांगशीन, म्हणून वाट पाहिली. तू आला नाई. मंग थकलो. आता नाई आहे."

मला रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी मी तोंड वळवलं. ते म्हणाले, "अंगणातला वाळवणीचा दोर तुटला आहे. तो जोडून दे. सून बिचारी चार दिवस झाले, काट्याकुपाट्यावर कपडे टाकते."

मी अंगणात गेलो. दोन टोकं ओढून घेतली, गाठ मारली. हात सवयीनं खिशाकडं गेला. चाकू अजून असतो. मी हात परत घेतला. त्यांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं आणि गाठ त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी ती नखानं चाचपली, मग दोन्ही शेपटं सापडली, वीतभर लोंबणारी. ती त्यांनी बोटांत धरून ठेवली, सोडली नाहीत लवकर.

जमली म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले नाहीत. मला ओट्यापर्यंत हात धरून न्यायला लावलं, तिथं बसले आणि छत्री शोधावी तसा हात बाजूला फिरवला.

मी गाडीची किल्ली काढली. "येतो काकाजी."

"सानगडी," त्यांनी हाक मारली. "पोहणं शिकला का मंग?"

"नाही काकाजी. आता कुठं शिकतो."

"बरं आहे," ते म्हणाले. "रूम अजून रिकामीच आहे."